इनामगावच्या दुधाच्या दातांची गोष्ट

पोरांनो, पुण्याहून नगरच्या वाटेला लागलं की शिरूर येतं. त्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठाला इनामगाव आहे. गावाशेजारी पांढरीची टेकाडं आहेत. जुनी वस्ती पडते, तिच्यावर नवी उभी राहते, तीही पडते; शेकडो वर्षं असं होत राहिलं की जमीन उंचावते आणि माती पांढुरकी होते. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ सालापासून ही टेकाडं खणायला सुरुवात केली आणि जवळजवळ पंधरा वर्षं ते काम चाललं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी हे त्यातले प्रमुख.

आत काय होतं? एक अख्खं गाव! इसवी सनापूर्वी १६००च्या सुमारास तिथं माणसं राहायला आली आणि इ.स.पू. ७००पर्यंत राहिली. म्हणजे नऊशे वर्षं. शिवाजी महाराजांपासून आजपर्यंतचा काळ मोजलात तर त्याच्या दुपटीहून जास्त. लोखंड त्यांच्या हाती नव्हतं. तांबं होतं, पण थोडकंच, म्हणून रोजच्या कापाकापीला ते गारगोटीच्या धारदार पात्या वापरत. कुडाच्या भिंतींची चौकोनी घरं, आत धान्य साठवायची बळदं, तांबड्या मातीच्या भांड्यांवर काळी नक्षी. जव हे त्यांचं मुख्य पीक. गहू, मसूर, कुळीथही पिकवत. पुराच्या पाण्यासाठी त्यांनी चर खणला होता आणि त्याच्या कडेनं बांध घातला होता. विचार करा, साडेतीन हजार वर्षांपूर्वी आपल्या दुष्काळी पट्ट्यात कोणीतरी पाणी अडवायचा विचार केला!

वर्षं कशी कळली, असं धाकटी विचारेल, म्हणून आधीच सांगतो. चुलीतला कोळसा. झाड जिवंत असतं तेव्हा हवेतला एक किरणोत्सारी कार्बन त्याच्यात येत राहतो. झाड तोडलं की येणं थांबतं आणि आतला कार्बन ठरलेल्या गतीनं घटत जातो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. कोळशात किती उरलाय ते मोजायचं, की झाड कधी तोडलं ते समजतं.

आता गोष्टीतली काळजीची जागा. इ.स.पू. १०००च्या आसपास त्या गावाचा नूर पालटला. ऐसपैस चौकोनी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. नक्षीची भांडी ओबडधोबड झाली. पिकांचं प्रमाण घटलं, आणि हरणासारख्या रानटी जनावरांची हाडं आणि शेळ्यामेंढ्यांची हाडं वाढली. ढवळीकरांनी यावरून असं अनुमान बांधलं की पाऊस कमी झाला, शेती हाताबाहेर गेली, आणि शेतकरी हळूहळू शिकार आणि मेंढपाळीकडे वळले. शेवटी गाव ओस पडलं. मोठं धाडसाचं अनुमान होतं ते. मडक्यांचे तुकडे मोजायचे दिवस होते, तेव्हा या माणसानं तुकड्यांच्या आडून ढग पाहिले. मला ते फार मोलाचं वाटतं.

पण गावकऱ्यांना कोणी विचारलं का, की तुमचं खरंच वाईट चाललं होतं?

विचारता येतं, पोरांनो, हाडांना आणि दातांना विचारता येतं. इनामगावात माणसं घराच्या जमिनीखाली पुरत. लहान मूल गेलं तर दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यांत ठेवत. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून मग पुरत. ते का, याबद्दल अभ्यासकांचा कयास असा, की गेलेलं माणूस घर सोडून जाऊ नये. एक मात्र वेगळं सापडलं. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा कच्च्या मातीचा मोठा रांजण होता. त्यात साधारण चाळिशीचा माणूस बसवलेला होता, आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा, असं मानतात.

ही दोनशेहून अधिक दफनं म्हणजे मोठंच दप्तर. ते वाचलं जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी. दुधाच्या दातांतला सुळा तुम्ही आरशात पाहिलाय ना? त्याची घडण बाळ आईच्या पोटात असतानाच सुरू होते. बाळाच्या पोषणात उणीव राहिली की त्या सुळ्यावरचं हाड पातळ राहतं, आणि आत घडत असलेल्या दातावर एक बारीक खड्डा उमटतो. दात पुढे हजारो वर्षं मातीत राहिला तरी तो खड्डा बुजत नाही. या दोघांनी असे खड्डे मोजले. चौकोनी घरांच्या, सुखाच्या म्हणवणाऱ्या काळात खड्डे जास्त होते. गोल झोपड्यांच्या काळात कमी!

थोरला आता गोंधळला असेल. भांडी म्हणतात हलाखी आली, दात म्हणतात बाळं बरी होती. लुकाच आणि वाळिंबे यांना वाटलं की एका जागी बसून जवाच्या भाकरीवर जगण्यापेक्षा रानातलं वैविध्यपूर्ण खाणं आया-बाळांना मानवलं असेल. मग ग्वेन रॉबिन्स शूग नावाच्या अमेरिकन अभ्यासक आल्या. त्यांनी नेवासा, दायमाबाद आणि इनामगाव इथल्या लहानग्यांच्या हाडांची लांबी मोजली. दातांच्या वाढीवरून वय कळतं, पायाच्या हाडावरून उंची कळते. दोन्ही जुळवलं की मूल वयाच्या मानानं खुजं राहिलं का ते कळतं. २०११ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यात त्या म्हणतात, शेवटच्या काळातली मुलं खुरटली होती. आणि दुसरं असं, की हवामान काही अचानक कोरडं झालेलं नाही. हा भाग आधीपासूनच कमी आणि बेभरवशाच्या पावसाचा होता, त्या पावसाला त्यांची शेती पुरी पडली नाही.

मग खरं कोण? मला विचाराल तर खुजेपण आणि सुळ्यावरचा खड्डा हे बाळपणाच्या वेगवेगळ्या महिन्यांचे साक्षीदार आहेत, त्यामुळे ते वेगवेगळं बोलणारच. म्हणून मी अजून निकाल देत नाही. पण एवढं नक्की, की पाऊस घटला, गाव उठलं, अशी एका ओळीची गोष्ट मी तुम्हाला यापुढे सांगणार नाही.

आता बघा, या एका गावाची गोष्ट किती जणांनी लिहिली! खोदकाम करणारे, जनावरांची हाडं ओळखणारे, जळके दाणे चाळणीतून वेगळे करणारे, दात मोजणारे. मग लेखक कोण? इनामगावच्या उत्खननाचा मोठा अहवाल १९८८ साली निघाला, त्यावर तिघांची नावं आहेत. हाडांवरचा खंड त्याच्या दोन वर्षं आधी निघाला, तो लुकाच आणि वाळिंबे यांच्या नावावर आहे. ही रीत मला आवडते. ज्यानं जे पाहिलं, त्याचं ते त्याच्या नावावर.

विद्वानांच्या जगात मात्र आता नावं मोजतात. २००५ साली होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं एक माप काढलं. तुमचे दहा लेख असे असतील, की प्रत्येकाचा आधार इतरांनी निदान दहा वेळा घेतला, तर तुमचा आकडा दहा. सोपं, आणि म्हणूनच जगभर पसरलं. पण हे माप लेखावरची सगळी नावं सारखीच धरतं. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एक शोधनिबंध निघाला, त्याला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांत विज्ञान ९ पानांचं, बाकी नावं आणि पत्ते. त्यातल्या प्रत्येकाला एक अख्खा लेख मिळाला, आणि आयुष्यभर एकट्यानं दात मोजणाऱ्यालाही एकच. शिवाय एकाच नावाची दोन माणसं निघाली की घोळ. म्हणून २०१२पासून संशोधकांना सोळा अंकी ओळखक्रमांक मिळू लागला. पुढे कोणी नेमकं काय केलं हे सांगायला चौदा भूमिकांची यादीही आली: कल्पना कोणाची, मोजमाप कोणाचं, मसुदा कोणी लिहिला. ही यादी मला त्या आकड्यापेक्षा शतपटीनं न्यायाची वाटते.

तरी तिच्यात एक जागा रिकामीच आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला जमीन खणताना धातूचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. आज त्यांच्यावर जगभर लिहिलं जातं, प्रत्येक लेखाचे आधार मोजले जातात, आणि त्या मोजणीत त्या शेतकऱ्याचा आकडा शून्य आहे. इनामगावात खोऱ्यानं माती ओढणाऱ्या आणि घमेली वाहणाऱ्या बायाबापड्यांचाही. टेकाडात मडकं आहे की ढेकूळ, हे त्यांच्या हाताला आधी कळलं असणार.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात कधी गेलात आणि इनामगावच्या वस्तू पाहिल्यात, की खालची पाटी नीट वाचा आणि विचारा, हे कोणाच्या हाताला लागलं? शेतात नांगराला असं खापर लागलं तर उचलून घरी आणू नका. जागा तशीच ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि शाळेचा प्रकल्प लिहाल तेव्हा शेवटच्या पानावर प्रत्येकाचं नाव लिहा, त्यापुढे त्यानं काय केलं तेही लिहा. प्रकल्पासाठी सामान आणून देणाऱ्या मावशींचंसुद्धा.