सराटा अमेरिकेतही भेटतो

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळ राहिलो. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंट येतात. फिनिक्सच्या भोवतीचे सोनोरन वाळवंट तसे नाही. तिथे मुरूम आहे, दगडगोटे आहेत, आणि जे उगवते त्याला बहुधा काटा असतो. ताडमाड वाढणारा सग्वारो निवडुंग, चोया निवडुंग, आपल्या वेड्या बाभळीचा भाऊबंद असलेला मेस्कीट. अशा जमिनीवर तिथली माणसे हौसेने डोंगरी सायकल चालवतात. मलाही तो नाद लागला.

एका मे महिन्यात माझा भाचा सुटीवर आला होता. त्याला घेऊन मी साउथ माउंटनच्या पायवाटेवर गेलो. सायकली नव्या, टायर छान नक्षीचे, दुकानात होते तेच. गाडी लावली आणि शॉर्टकट म्हणून रस्त्याकडेच्या गवतातून सायकली घातल्या. आठेक किलोमीटर आत गेल्यावर माझे मागचे चाक बसले. ट्यूब बदलली. दहा मिनिटांत पुन्हा तेच. मग भाच्याचे पुढचे चाक गेले. तो खाली बसून टायर न्याहाळू लागला आणि ओरडला, "मामा, अहो हे तर आपल्याकडचे सराटे!"

खरेच होते. माण तालुक्यात लहानपणी अनवाणी फिरताना पायात रुतायचा तोच सराटा. आयुर्वेदात ज्याला गोक्षुर म्हणतात तो. जुन्या जगातून अमेरिकेत गेलेले हे तण तिकडे इतके माजले, की इंग्रजीत त्याचे एक नावच मुळी 'पंक्चरवाईन', म्हणजे पंक्चरची वेल, असे पडले. त्याला आवर घालायला १९६१ साली तिकडे दोन जातींचे सोंडकिडे मुद्दाम सोडले गेले. भारत, फ्रान्स आणि इटली हे त्या किड्यांचे मूळ प्रदेश. काटा आपला आणि त्याचा वैरीही आपलाच! तरी सराटा आहे तिथेच आहे.

आमच्याजवळ ट्यूब उरली नव्हती आणि दोघांत मिळून एक बाटली पाणी होते. ऊन चाळिशीच्या पुढचे. सायकली ढकलत परत यायला अडीच तास लागले. शेवटी भाचा गप्प झाला, त्याचा घाम थांबला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. समोरून आलेल्या एका गृहस्थांनी पाणी दिले, म्हणून निभावले. याच फिनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. तिथे पंक्चर ही गंमत नव्हे.

माझ्या चुका पुढे कळल्या. सराट्याचे फळ वाळून पाच भागांत फुटते आणि प्रत्येक भागाला दोन मोठे काटे असतात. कसाही पडो, एक काटा वर राहतोच. तो टायरमध्ये घुसला तरी भोक स्वतःच बुजवून बसतो; चाक फिरून फिरून तो हलला की मग हवा जाते. म्हणून काटा लागतो गाडीतळापाशी आणि चाक बसते डोंगरात. शिवाय सराटा वाढतो उकरलेल्या, माणसाच्या वावराच्या जागी. मूळ वाटेवर तो क्वचितच. म्हणजे त्या गवतात शिरलो नसतो तर निम्मे संकट टळले असते. आणि दुसरे पंक्चर? मी टायरच्या आतून हात फिरवलाच नव्हता. जुना काटा तिथेच वाट बघत होता. आपल्याकडचा कोणताही पंक्चरवाला नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून चाचपतो. मी इंजिनिअर होतो ना!

मग टायर निवडायला बसलो. पहिला विचार साहजिक आला, की सर्वांत जाड टायर घ्यावा. रस्त्यावरच्या लांब प्रवासासाठी श्वाल्बे या जर्मन कंपनीचा मॅरेथॉन प्लस टायर मिळतो. त्यात नक्षीखाली पाच मिलिमीटरचा लवचीक रबरी थर असतो. सराट्याला तो पुरून उरतो. पण वजन चाकाच्या कडेला वाढले की चढावर मांड्या भरून येतात, आणि कडक टायर दगडावरून उसळतो. शिवाय संरक्षक पट्टा असतो तळाला. धारदार दगड कापतो ती बाजूची भिंत, ती उघडीच राहते. म्हणून घेताना मी टायर दोन बोटांत धरून बाजू चेपून बघू लागलो. कागदासारखी दुमडली तर तो टायर या मुलखाचा नव्हे.

दुसरा उपाय ट्यूबच काढून टाकण्याचा, आणि माझ्या मते खरा उपाय तोच. ट्यूबलेस टायरमध्ये शंभरेक मिलिलिटर पातळ रबरी चीक ओततात. भोक पडले की हवेच्या जोराने चीक तिथे धावतो, गोठतो आणि बूच बसते. चोयाचे काटे लांब आणि बारीक. ते जाड पट्ट्यालाही दाद देत नाहीत, पण त्यांचे भोक चीक सहज बुजवतो. एरवी ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली की फुटते; ती भीती गेल्याने हवा कमी ठेवता येते आणि पकड सुधारते. काटा दिसला तरी वाटेत उपटायचा नाही, घरी येऊन काढायचा. मोठा काप मात्र चीक बुजवत नाही. तिथे मोटारीच्या टायरसारखी चिकट दोरी खुपसावी लागते.

मी शेवटी मध्यम वजनाचा, बाजूची भिंत मजबूत असलेला ट्यूबलेस टायर घेतला. ज्यांना एवढा खर्च नको, त्यांनी जाड ट्यूब घालून व्हॉल्व्हमधून तिच्यात चीक भरला तरी सराट्यांपुरते भागते. ट्यूबचा व्हॉल्व्ह आतून सुटा होणारा आहे ना, एवढे दुकानात विचारून घ्यावे.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. त्या उन्हात चीक दोन-तीन महिन्यांत वाळून टायरच्या आत साय धरते, आणि मग आपण ट्यूबही नाही, चीकही नाही अशा अवस्थेत निघतो. म्हणून सायकलच्या दांडीला कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर चीक भरल्याची तारीख लिहायला लागलो. पाठपिशवीत एक सुटी ट्यूब, पंप, माणशी तीन लिटर पाणी आणि केसांचा एक साधा कंगवा. चोयाचा गोळा पोटरीला चिकटला तर तो हाताने ओढायचा नसतो, कंगवा खाली घालून झटक्याने उडवायचा असतो. हे मला त्या पाणी देणाऱ्या गृहस्थांनीच शिकवले.