चष्म्याचा नंबर दरसाल का बदलतो?



गळीत हंगाम ऐन भरात असताना आपले एक सभासद मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा १७ वर्षांचा, बारावीतला. "डॉक्टरसाहेब, याले दरसाली नवा चष्मा लागते. पैसे का झाडाले लागते?" ही वडिलांची तक्रार. पोरगा बिचारा खाली मान घालून डोळे चोळत बसलेला. दोन वर्षांत तीन चष्मे झाले होते, तरी फळ्यावरचे अक्षर एकाचे दोन दिसे आणि रात्री समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या दिव्याला शेपट्या फुटत. मी त्याला खाली पाहायला सांगितले, तर डाव्या डोळ्याची खालची पापणी मधोमध टोकदार फुगली. दुखणे चष्म्याचे नव्हते, डोळ्याचेच होते.

बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. काही जणांत वयात येण्याच्या सुमारास हा पडदा मधल्या भागात पातळ आणि कमजोर होत जातो. बाजेची नवार सैल पडली की मध्ये झोळ येतो ना, तसेच समजा. फक्त इथे डोळ्यातल्या दाबाने झोळ बाहेरच्या बाजूला येतो आणि पडद्याला शंकूचा आकार येतो. या विकाराचे नाव केरॅटोकोनस. तो बहुधा तिशी-पस्तिशीपर्यंत वाढतो, मग मंदावतो. वय जितके कोवळे तितका वेग जास्त.

हे दुखणे आपल्याकडे फार विरळ आहे असेही नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीच्या वरच्या ४७११ लोकांचे डोळे तपासले गेले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शंभरात दोनांहून थोड्या अधिक लोकांच्या पारपटलाची वक्रता ४८ किंवा त्याहून जास्त निघाली. साधारण डोळ्यात ती ४३-४४ च्या आसपास असते. नुसत्या वक्रतेवरून काढलेला म्हणून हा आकडा थोडा सैल धरावा. पण तो आपल्या विदर्भातल्या खेड्यांचा आहे, हे विसरू नये.

चष्म्याच्या दुकानात नंबर निघतो, रोग निघत नाही. तिरका नंबर वाढत असेल, नवा चष्मा लावूनही स्पष्ट दिसत नसेल, तर नेत्रतज्ज्ञाकडून पारपटलाचा नकाशा काढून घ्यावा. त्याला टोपोग्राफी म्हणतात. सुई नाही, दुखणे नाही; यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचे, एवढेच. सोबत जाडीही मोजतात. अकोल्याचे सर्वोपचार किंवा अमरावतीचे इर्विन रुग्णालय यांच्या नेत्रविभागात आधी दाखवावे. हा तपास कुठे होईल ते तिथे सांगतील. पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी लेसरने नंबर काढायला निघालेल्या पोरांनी तर हा नकाशा पाहिल्याशिवाय टेबलावर झोपूच नये. आधीच पातळ असलेला पडदा लेसरने आणखी पातळ होतो.

आता उपचार. वाढ थांबवण्याचा उपाय म्हणजे क्रॉसलिंकिंग. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात तो निघाला आणि रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष २००३ साली छापून आले. डोळा बधिर करून पारपटलावरची पातळ साल काढतात, रायबोफ्लेव्हिनचे म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब अर्धा तास टाकतात आणि मूळ पद्धतीत आणखी अर्धा तास अतिनील प्रकाश देतात. त्याने आतल्या तंतूंना आडवे बांध बसतात, नवार पुन्हा ताणल्यासारखी. तीन-चार दिवस डोळा चांगलाच झोंबतो. पण यासाठी पडद्याची जाडी साधारण ४०० मायक्रॉन तरी लागते. शिवाय या उपायाने बहुतेकांची वाढ थांबते, गेलेली नजर मात्र परत येईलच असे नाही. त्या मुलाच्या उजव्या डोळ्याला हा उपचार झाला. डावा डोळा तोवर फार पातळ झाला होता. दोन चष्मे आधी आले असते तर! वडिलांचा तरी काय दोष? आपण सगळेच नंबर वाढला की दुकान गाठतो.

आज त्या डाव्या डोळ्यावर कडक लेन्स आहे. लेन्सने दिसते चांगले, पण रोग थांबत नाही. ती विहिरीच्या वा नळाच्या पाण्याने कधीही धुवू नये, दवाखान्याने दिलेल्या द्रावणानेच धुवावी. लेन्सही चालेनाशी झाली किंवा डाग पडला, तर पारपटल बदलावे लागते. ते कोणाच्या तरी नेत्रदानातूनच मिळते; मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्र काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवायला हवे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यालाही हे दान करता येते.

एखाद्या दिवशी डोळा एकाएकी पांढरट झाला, पाणी गळू लागले, तर "फूल पडलं" म्हणून घरी बसू नये. पडद्याच्या आतल्या थराला चीर जाऊन पाणी मुरल्याने असे होते.

आणि डोळे चोळणे! उन्हाळ्यातली धूळ, पाचटाचा कचरा, बगॅसची भुकटी यांनी खाज सुटते. चोळले की बरे वाटते, पण कमजोर पडदा आणखी झिजतो. थंड पाण्याची ओली पट्टी ठेवावी, खाजेवरचे थेंब डॉक्टरांकडून घ्यावेत. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी आठ दिवस आराम वाटतो. महिनोन् महिने टाकले तर काचबिंदू होऊन बसतो.

घरात एकाला हा विकार निघाला तर भावंडांचेही डोळे तपासून घ्यावेत. दवाखान्यात येताना मुलांचे जुने चष्मे आणि नंबराचे कागद सोबत आणावेत. नंबर किती वेगाने बदलला हे त्यावरूनच कळते.