डॉक्टरांच्या मेजावरील पुस्तक

फार्माकोपिया आणि फॉर्म्युलरी या दोन ग्रंथांत सामान्य माणसाची नेहमी गल्लत होते. औषध कारखान्यातून किती शुद्ध निघावे, हे पहिला सांगतो. ते कोणाला, किती द्यावे आणि कोणाला मुळीच देऊ नये, हे दुसरा. रोग्याचा जीव अधिक गुंतलेला असतो तो या दुसऱ्यात.

भारताची राष्ट्रीय फॉर्म्युलरी १९६० साली प्रथम निघाली. १९६६ आणि १९७९ साली पुढील आवृत्त्या आल्या. चौथी येईपर्यंत मात्र तीस वर्षे उलटली! दरम्यान कितीतरी नवी औषधे बाजारात आली, जुन्यांचे दोष उघडकीस आले. तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरांनी या काळात पाहावे तरी कोणते पुस्तक? त्यांच्या मेजावर येत राहिली ती कंपन्यांची गुळगुळीत, रंगीत पत्रके. ती आणून देणाऱ्या प्रतिनिधीला दोष देण्यात अर्थ नाही. तो बिचारा आपली नोकरी करतो. पण मालाचे अवगुण विक्रेत्याने सांगावेत, ही अपेक्षाच भाबडी नव्हे काय?

ब्रिटनमध्ये डॉक्टरांची आणि औषधशास्त्रज्ञांची संस्था मिळून अशी फॉर्म्युलरी काढतात. १९८१ पासून ती वर्षातून दोनदा सुधारली जाऊ लागली. तीत औषधाची किंमतही दिलेली असते. आपल्याकडे सहावी आवृत्ती २०२१ साली आली, हे स्वागतार्हच. मात्र ग्रंथ प्रसिद्ध झाला म्हणजे तो आरोग्य केंद्राच्या कपाटात पोहोचला, असे होत नाही. नव्या डॉक्टरच्या हाती पदवीबरोबरच त्याची एक प्रत देण्यास सरकारला असा कितीसा खर्च येणार आहे?