शनिवार तेल्यांचा दिवा

दिवाळीची पहिली पणती लावताना मला अजून तिरोड्याच्या आमच्या घरामागचा घाणा आठवतो. बांधीत धान उभे असतानाच ओलीवर जवस फेकायचा, ही आमच्या भागातली रीत. तोच जवस पुढे आज्याच्या घाण्यात यायचा. झापड बांधलेला बैल, लाटेची करकर, मागे उरणारी ढेप, सारेच मला प्रिय होते. पण सकाळी वाटेत कुणी म्हणे, "आज तेल्याचं तोंड पाहिलं, काम काही होत नाही!" गावातले दिवे आमच्या तेलावर, आणि अपशकुनीही आम्हीच!

पुढे नागपूरला शिकताना एका मित्राने विचारले, "आजोबा काय करतात?" मी म्हणालो, "शेती." आजा तेलाचा डबा घेऊन दारातच उभा होता. त्याने काही न बोलता डबा ठेवला आणि गाडी गाठायला निघून गेला. ते मला आजतागायत विसरता आलेले नाही.

निवृत्तीनंतर एका फेब्रुवारीत अलिबागला गेलो. तेथल्या इस्राएल आळीत एका वृद्ध गृहस्थांशी ओळख झाली. मी तेली, हे कळताच ते अस्सल कोकणी मराठीत म्हणाले, "मग आपण भाऊबंदच की हो!"

मौज अशी की ते बेने इस्राएल, म्हणजे ज्यूधर्मीय. जवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, ही त्यांची परंपरागत कथा. कोकणात त्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला; मात्र शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. १७९६ साली त्यांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली. मराठी मात्र तेथेही बोलली जाते.

मोशेच्या पाच ग्रंथांना ते तोरा म्हणतात. तिचे ५४ भाग, आणि दर आठवड्याला ठरलेला भाग वाचायचा. त्या आठवड्याचा भाग होता 'तेत्सावे', आणि त्याचा आरंभच तेलाचा! दिव्यासाठी ऑलिव्हचे शुद्ध तेल आणा, तेही कुटून काढलेले, असा तेथे आदेश आहे. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी सांगतो की फळ उखळात कुटून निघालेला पहिला थेंबच दिव्याचा. नंतर जात्यात दळून काढलेले तेल नैवेद्याला चालते, दिव्याला नाही. देवाच्या ताटापेक्षा दिव्याला अधिक चोख तेल! जुने पंडित यात प्रतीक पाहतात: ऑलिव्ह चिरडले जाते तेव्हाच उजेडाला उपयोगी पडते, माणसांचेही तसेच.

पुढे मुख्य याजकाची वस्त्रे येतात. छातीवरच्या पट्ट्यात बारा रत्ने, प्रत्येकावर एका वंशाचे नाव कोरलेले. म्हणजे देवापुढे जायचे ते सर्वांना हृदयाशी घेऊन. झग्याच्या घेराला सोन्याच्या घंटा आणि मधूनमधून डाळिंबे.

"पण खरी गंमत निराळीच," ते गृहस्थ म्हणाले. "मोशेच्या जन्मानंतर चौथ्या ग्रंथाच्या अखेरीपर्यंत हा एकच भाग असा, की ज्यात त्याचे नावच नाही. लोकांना क्षमा नसेल तर माझे नाव तुझ्या पुस्तकातून पूस, असे तो पुढे देवाला म्हणतो. त्याचीच ही खूण, असे आमचे जाणते सांगतात. दिव्याचा आदेश त्याच्याच हाती, पण नाव कुठे नाही!"

मी गप्प झालो. डोळ्यांपुढे दारातला आजा उभा राहिला. त्याच्या तेलावर किती घरे उजळली. त्याचे नाव कोणी घेतले? इतरांचे सोडा, मीही घेतले नाही.

आज घाणा नाही. तिरोड्याला आता ३,३०० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. तरीही दिवाळीत मी एक पणती जवसाच्या तेलाची लावतो. गेल्या वर्षी नातवाने विचारले, "आबा, तुमचे आजोबा काय करायचे?"

"तेली होते," मी म्हणालो. आणि मान खाली घातली नाही.