नेमकं कुणाला थोपवायचं?

मनापासून दुःख झालेला, पण डोळ्यांत पाणी येतच नाही असा माणूस डोळ्यांसमोर आणा. तो लाजतो, पण गाल लाल होत नाहीत. घाबरतो, पण चेहरा पांढरा पडत नाही आणि तळहातांना घाम फुटत नाही. त्याचा हात हातात घेतला तर उबदार आणि कोरडा लागतो. भूक लागली तरी पोटात गुरगुरत नाही. जवळची अक्षरं धूसर दिसतात आणि रांगेत फार वेळ उभं राहिलं की भोवळ येते. एरवी हा माणूस चालतो, बोलतो, हसतो, हिशेब करतो. त्याचं डोकंही ताळ्यावर असतं आणि हातापायांतली ताकदही.

हेक्सामेथोनियम नावाचं औषध दिलेल्या माणसाचं चित्र विल्यम पॅटन या ब्रिटिश औषधशास्त्रज्ञाने असंच काहीसं रेखाटलं होतं. या औषधाचा गुण पॅटन आणि एलेनॉर झाइमिस यांनी 1948 साली लंडनमध्ये दाखवून दिला. दोन टोकांना एकेक नायट्रोजन आणि मध्ये सहा कार्बनांची साखळी, एवढासाच तो रेणू. तो शरीरात गेला की आपल्याला न विचारता चालणारी बहुतेक सगळी कामं एकदम सैल पडतात, आणि आपण ठरवून करतो ती कामं मात्र जशीच्या तशी राहतात. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळलं, की आपल्या आत दोन निरनिराळे कारभार चालू आहेत.

न विचारता चालणाऱ्या कारभाराचं नाव स्वायत्त चेतासंस्था. तिच्या दोन शाखा. संकटात शरीर लढायला किंवा पळायला तयार करते ती सिंपथेटिक. जेवण पचवणं, लाळ सुटणं, हृदयाला संथ ठेवणं ही कामं पाहते ती पॅरासिंपथेटिक. दोन्हींची एक खोड सारखी आहे. मेंदूकडून किंवा मज्जारज्जूकडून निघालेला निरोप थेट अवयवापर्यंत जात नाही. वाटेत चेतापेशींची एक गाठ लागते, तिथे पहिली पेशी थांबते आणि निरोप दुसरीच्या हवाली करते. ही देवघेव दोन्ही शाखांत एकाच रसायनाने होते, त्याचं नाव ॲसिटिलकोलिन. हेक्सामेथोनियम नेमकं या गाठींवर बसतं. म्हणून दोन्ही शाखा एकाच वेळी मुक्या होतात.

आणि त्या मुक्या झाल्यावरच कळतं, कुठल्या अवयवावर कुणाची हुकमत होती. रक्तवाहिन्या आवळून धरण्याचं काम सिंपथेटिकचं. ती गप्प झाली की वाहिन्या सैल पडतात, त्वचा उबदार होते आणि उभं राहिलं की रक्त पायांत उतरून भोवळ येते. अश्रू, लाळ, आतड्यांची हालचाल, जवळचं पाहताना डोळ्याच्या भिंगाला येणारा फुगीरपणा हे पॅरासिंपथेटिकचं. म्हणून ते थांबतं. हृदयाची गोष्ट तर विलक्षण. दोन्ही शाखांचा अंमल औषधांनी काढून घेतला तर विशीतल्या निरोगी माणसाचं हृदय, तो स्वस्थ पडलेला असतानाही, मिनिटाला शंभराहून थोडे जास्त ठोके देतं. म्हणजे तुमची नाडी बसल्या जागी सत्तर लागत असेल, तर व्हेगस नावाची एक चेता हृदयाला अखंड आवरून धरते आहे. जन्मापासून, झोपेतसुद्धा.

रक्तदाब झपाट्याने चढून मूत्रपिंडं आणि डोळे निकामी करणाऱ्या घातक उच्च रक्तदाबावर त्या काळी फारसं काही हातात नव्हतं. हेक्सामेथोनियमने अशा रुग्णांना आयुष्य मिळवून दिलं, पण किंमत जबर होती: बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं, उठताच चक्कर. दोघांतल्या एकालाच थांबवायचं असताना हे औषध दोघांनाही थांबवत होतं. मला वाटतं, औषधशास्त्राच्या या भागाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे ‘नेमकं कुणाला थोपवायचं’ या एका प्रश्नाचं उत्तर अधिकाधिक बारीक करत जाण्याचा इतिहास आहे.

तो प्रश्न विचारता येण्याआधी एक गोष्ट सिद्ध व्हावी लागली, ती म्हणजे चेता अवयवाशी रसायनांतून बोलतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे ऑटो लोवी यांनी 1921 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग शाळेतल्या मुलालाही समजेल इतका साधा आहे. बेडकाचं हृदय क्षारपाण्यात धडधडत ठेवलं. त्याच्या व्हेगस चेतेला विजेचा झटका दिला, ठोके मंदावले. मग ते पाणी दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला दिलं. या हृदयाच्या चेतेला कुणी हात लावला नव्हता, तरी तेही मंदावलं! चेतेने पाण्यात काहीतरी सोडलं होतं. ते ॲसिटिलकोलिन होतं. लोवी आणि हेन्री डेल यांना 1936 चं नोबेल मिळालं.

ॲसिटिलकोलिनला अवयवाच्या उंबऱ्यावर अडवणारा पदार्थ मात्र माणसाला फार आधीपासून माहीत होता. आपल्याकडे उकिरड्यावर, रस्त्याकडेला पांढऱ्या लांबट फुलांचा धोत्रा उगवतो. त्याचं काटेरी फळ चुकून खाल्लेल्या मुलाचं तोंड सुकतं, अंग तापतं, बाहुल्या विस्फारतात, छाती धडधडते आणि ते बरळू लागतं. धोत्र्यातल्या ज्या द्रव्यांमुळे हे होतं त्यांतलं एक ॲट्रोपीन. ॲट्रोपीनची किमया अशी की ते चेतेला गप्प करत नाही. चेता ॲसिटिलकोलिन सोडतच राहते. पण पेशीच्या पृष्ठभागावर त्याची जी ठरलेली जागा असते, ज्याला रिसेप्टर म्हणतात, तिथे ॲट्रोपीन आधीच येऊन बसलेलं असतं. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेल्या रुमालासारखं: रुमाल स्वतः प्रवास करत नाही, पण दुसऱ्याला बसूही देत नाही. आणि गर्दी अनावर झाली, तर कुणीतरी रुमाल बाजूला सारून बसतंच. ॲसिटिलकोलिन फार वाढलं की तेही ॲट्रोपीनला हुसकावतं.

हे हुसकावणं विदर्भातल्या रुग्णालयांत डॉक्टरांना रोजच्या कामात भेटतं. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक, उदाहरणार्थ मोनोक्रोटोफॉस, फवारणी करणाऱ्या मजुराच्या अंगात गेलं की ॲसिटिलकोलिनचा निचरा करणारं एन्झाइमच बंद पडतं. ॲसिटिलकोलिन साचत जातं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ, घाम, उलट्या आवरत नाहीत, आणि छातीत इतका स्राव भरतो की माणूस आतल्या आत बुडू लागतो. अशा वेळी ॲट्रोपीन द्यायचं, पाच-दहा मिनिटांनी छाती तपासायची, स्राव असेल तर मात्रा दुप्पट करायची, छाती कोरडी होईपर्यंत. एका अँपुलमध्ये 0.6 मिलिग्रॅम असतं. इथे कित्येक अँपुल एका रात्रीत रिकामे होतात. एवढं करूनही श्वासाच्या स्नायूंचा दुबळेपणा ॲट्रोपीनने जात नाही, कारण स्नायूंवरचे रिसेप्टर निराळ्या घडणीचे असतात. त्यासाठी व्हेंटिलेटरच लागतो.

सिंपथेटिक शाखेच्या टोकाला बहुतेक ठिकाणी ॲसिटिलकोलिनऐवजी नॉरॲड्रिनलिन असतं. (घामाच्या ग्रंथी अपवाद. त्या सिंपथेटिकच्या ताब्यात असूनही ॲसिटिलकोलिनच ऐकतात.) तिथली उकल 1948 सालीच झाली. रेमंड आल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने ॲड्रिनलिनसारखी सहा रसायनं निरनिराळ्या अवयवांवर वापरून पाहिली, तेव्हा त्यांच्या प्रभावाचे दोनच क्रम पुन्हा पुन्हा दिसले. म्हणजे रिसेप्टर दोन प्रकारचे असणार. त्याने त्यांना अल्फा आणि बीटा म्हटलं. अल्फा रक्तवाहिन्या आवळतात, बीटा हृदयाचा जोर आणि वेग वाढवतात. तो शोधनिबंध आधी एका नियतकालिकाने परत पाठवला होता. पुढे स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी या विभागणीवर विश्वास ठेवून बीटा तेवढे अडवणारं प्रोप्रॅनोलॉल घडवलं, आणि 1988 साली त्यांना नोबेल मिळालं.

आता कोकणात या. जांभ्या दगडाखाली, लाकडाच्या ढिगात, पेंढ्यात लाल विंचू असतो. काळी इंगळी त्याहून मोठी आणि भयंकर दिसते, पण जिवावर बेततं ते या लहानशा लाल विंचवाच्या विषाने. चेतातंतूंमधली सोडियमची दारं हे विष उघडीच ठेवतं, आणि मग दोन्ही शाखांची टोकं अनावर वाहू लागतात. आधी ॲसिटिलकोलिनचा पूर येतो: उलट्या, लाळ, अंग निथळेल इतका घाम, पुरुषांत लिंगाचा ताठरपणा. पाठोपाठ ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिनचं वादळ. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो. त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, फुफ्फुसांत पाणी भरतं, तोंडाशी गुलाबी फेस येतो. मुलं काही तासांत जात.

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1970 च्या दशकात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे मृत्यू पाहिले. ते रुग्णांच्या उशाशी बसून राहिले आणि घाम कधी, उलटी कधी, हात गार कधी पडले, हे टिपत गेले. त्यातली निरीक्षणं 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. मोठी प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी एका डॉक्टरने नुसत्या लक्षपूर्वक पाहण्यातून एवढं काढावं, याचं मला अपार कौतुक वाटतं.

कारण इथे औषधाची निवड सरळ नाही. निथळणारा, ओकणारा रुग्ण पाहून हात ॲट्रोपीनकडे जातो, आणि पूर्वी ते दिलंही जायचं. त्याने घाम सुकतो, उलटी थांबते, बरं वाटल्यासारखं दिसतं. पण व्हेगसचा लगामही सुटतो आणि ॲड्रिनलिनचं वादळ मोकाट होतं. विदर्भात जीव वाचवणारं औषध कोकणात घात करू शकतं. बीटा अडवावेत, तर आधीच दमलेल्या हृदयाचा जोर जातो आणि वाहिन्या आवळलेल्याच राहतात. थोपवायचे होते ते अल्फा.

त्यासाठी बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी वापरली, आणि 1986 साली डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. अल्फा रिसेप्टरांचे पुढे पोटप्रकार सापडले. अल्फा-1 वाहिनीच्या भिंतीवर असतात आणि तिला आवळतात. अल्फा-2 चेतेच्या स्वतःच्या टोकावरही असतात आणि बाहेर रसायन पुरेसं झालं की चेतेला आवरतं घ्यायला लावतात. जुनी औषधं दोन्ही अडवायची, त्यामुळे हा अंकुशही जायचा आणि हृदय आणखी पळायचं. प्राझोसिन अल्फा-1 तेवढेच अडवतं. वाहिन्या सैल होतात, पण चेतेचा स्वतःवरचा अंकुश कायम राहतो. वजनाच्या दर किलोला 30 मायक्रोग्रॅम, आणि हातपाय कोमट होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. उपचार लागू पडल्याची खूण कुठल्या यंत्रात पाहायची गरज नाही, पायाला हात लावला की कळते. गंभीर रुग्णांत 30 टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं. बावस्करांना 2022 साली पद्मश्री मिळाली.

अडवणाऱ्या औषधाने विष मात्र नाहीसं होत नाही. महाडमध्येच झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 70 रुग्ण होते. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या 35 जणांपैकी 8 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. प्राझोसिनबरोबर विंचवाचं प्रतिविषही मिळालेल्या 35 पैकी 32.

म्हणून, विंचू चावल्यावर घाम, उलट्या आणि गार हातपाय दिसले तर मंत्र-उताऱ्यात एक मिनिटही घालवू नका. घरातली गोळी अंदाजाने देऊ नका. चावल्याची वेळ लिहून ठेवा आणि माणसाला आडवंच ठेवून लगेच जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. प्राझोसिननंतर रक्तदाब उतरतो, तेव्हा गोळी दिल्यावरही डॉक्टर सांगेपर्यंत त्याला उठवून बसवू नका.