भीती देवाची नव्हे, लाज लोकांची

रस्त्यात वेडसर किंवा फेफरे येणारा माणूस दिसला, की अंगावर शहारा यायचा आणि स्वतःच्याच छातीवर थुंकायचे. बाधा टाळण्याचा तो तोडगा होता. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इ. स. पू. चौथ्या शतकात अंधश्रद्धाळू माणसाचे जे शब्दचित्र रेखाटले, त्यात हे वर्णन आहे.

प्राचीन ग्रीकांचे रोजचे जीवन देवदेवतांनी भरलेले होते. समुद्र पोसायडनचा, युद्ध एरिसचे, तसे आजारही देवांचे. आजारी माणसे एपिडॉरस येथील ॲस्क्लेपिअस देवाच्या मंदिरात जात, स्नान आणि पूजा करून तिथेच रात्री झोपत. देव स्वप्नात येऊन बरे करतो, अशी श्रद्धा होती. अपस्माराला तर ‘पवित्र आजार’ असेच नाव पडले होते. झटक्यात रुग्ण बकरीसारखा आवाज काढू लागला तर देवमातेचा कोप, घोड्यासारखा ओरडला तर पोसायडनचा, तोंडाला फेस येऊन पाय झाडू लागला तर एरिसचा, असा हिशोब मांत्रिक मांडत. मग पथ्ये सांगितली जात: बकऱ्याचे मांस खायचे नाही, बकऱ्याच्या कातड्यावर झोपायचे नाही, काळे कपडे घालायचे नाहीत, पायावर पाय ठेवायचा नाही.

इ. स. पू. 400 च्या सुमारास एका वैद्याने या साऱ्याला लेखी उत्तर दिले. ‘पवित्र आजाराविषयी’ हा त्याचा ग्रंथ हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथसंग्रहात आहे. तो स्वतः हिपोक्रेटिसने लिहिला की नाही, हे निश्चित सांगता येत नाही. त्याचा युक्तिवाद मात्र रोखठोक आहे. हा आजार इतर आजारांपेक्षा जास्त पवित्र नाही. त्यालाही नैसर्गिक कारण आहे आणि ते मेंदूत आहे. बकऱ्याच्या कातड्याने फेफरे येत असते, तर लिबियाच्या अंतर्भागातील लोकांपैकी एकही निरोगी राहिला नसता. कारण त्यांचे पांघरूण, कपडे, जोडे सगळे त्याच कातड्याचे!

हा वैद्य नास्तिक नव्हता. देव माणसाला शुद्ध करतो, विटाळत नाही, असे तो म्हणतो. त्याचा राग होता तो उपचार माहीत नसताना देवाच्या नावाआड लपणाऱ्यांवर.

त्याचे सगळेच बरोबर होते असेही नाही. मेंदूतून उतरणारा कफ रक्तवाहिन्यांत हवेची वाट अडवतो आणि झटका येतो, ही त्याची कल्पना चुकीची ठरली. मेंदूतील पेशींच्या विद्युत संदेशांत अचानक गोंधळ झाला की झटका येतो, हे आज आपल्याला माहीत आहे. पण शोधायचे कुठे, हे त्याने अचूक सांगितले होते.

या ग्रंथातील एक निरीक्षण आजही अस्वस्थ करते. झटका येणार याची चाहूल लागली, की मोठी माणसे घरी किंवा एकांतात पळतात आणि डोके झाकून घेतात. हे देवाच्या भीतीने नव्हे, तर लोकांच्या लाजेने होते, असे तो लिहितो. लहान मुले आधी असतील तिथेच पडतात. पण पुढे चाहूल ओळखू लागली, की आईकडे धाव घेतात. लाज म्हणजे काय, हे त्यांना अजून कळलेले नसते.

ही लाज अजून संपलेली नाही. आपल्याकडेही फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवतात, लग्न ठरवताना आजार लपवतात, आणि लग्नानंतर सासरच्यांना कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात. खरे तर अपस्माराच्या कारणावरून विवाह रद्द करण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यातून 1999 मध्येच काढून टाकण्यात आली. योग्य निदान आणि नियमित औषधे मिळाली, तर सुमारे 70 टक्के रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

समोर कुणाला फिट आली, तर त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, तर तातडीने रुग्णालयात न्यावे. आणि शुद्धीवर आल्यावर त्याला पहिल्यांदा दिसावा तो धीर देणारा चेहरा, बघ्यांची गर्दी नव्हे.