संगणकाच्या वेशीवरचे जागले



मराठी वाङ्मय शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने संगणकसुरक्षेवर बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. तथापि या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी आज कोणी पतसंस्था चालवितात, कोणी औषधांची घाऊक पेढी, कोणी रुग्णालय. त्यांच्याकडे विक्रेते जी माहितीपत्रके घेऊन येतात त्यांची भाषा इतकी दुर्बोध असते, की तिचा अर्थ लावणे हे भाषेच्या अध्यापकाचेच काम ठरावे.

उदाहरण आपल्याच शहरातले घेऊ. ए. पी. महेश सहकारी नागरी बँकेच्या कर्मचाऱ्यांना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे दोनशे फसवी ई-पत्रे आली. बहुतेकांनी ती उघडली नाहीत. मोजक्या काहींनी उघडली. त्यासरशी दूरवरून संगणक चालविता येईल असा एक छुपा प्रोग्रॅम आत शिरला. चोरांनी घाई केली नाही. जानेवारी २०२२ च्या उत्तरार्धात, सुटीला लागून, त्यांनी १२ कोटी ४८ लाख रुपये बाहेर काढले. ही रक्कम आधी ११५ खात्यांत, तेथून ३९८ खात्यांत आणि अखेर देशभरातील ९३८ एटीएमांतून रोख झाली. हैदराबाद पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये तपासाचा जो वृत्तान्त मांडला, त्यात चोरांच्या चातुर्यापेक्षा बँकेच्या गाफीलपणाचेच वर्णन अधिक होते. घुसखोरी रोखणारी यंत्रणा नव्हती, शाखा आणि मुख्यालय एकाच जाळ्यात होते, सर्वाधिकार असलेले वापरकर्ते दहा होते. पुढे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेला ६५ लाखांचा दंड केला.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मधला काळ. दोन महिन्यांहून अधिक काळ परका माणूस घरात वावरत होता आणि घरातल्या कोणालाही त्याची चाहूल लागली नाही. ज्या सॉफ्टवेअरला आज ‘थ्रेट डिटेक्शन अँड रिस्पॉन्स’ म्हणतात, त्याचे काम नेमके हेच आहे : चाहूल घेणे, माग काढणे आणि वेळीच हात धरणे. ‘रिस्पॉन्स’ला आपण सवयीने ‘प्रतिसाद’ म्हणतो. प्रतिसाद गायकाला द्यावा. चोराचा प्रतिकार करावा.

गोवळकोंडा आपण सर्वांनी पाहिला आहे. फतेह दरवाजात वाजविलेली टाळी वर बालाहिसारपर्यंत ऐकू येते, हे वाटाड्या आजही प्रत्येकाला करून दाखवितो. इतकी सूक्ष्म सूचना देणारा हा किल्ला १६८७ मध्ये सुमारे आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर पडला तो तटबंदी ढासळल्याने नव्हे, तर आतल्याच एका सरदाराने रात्री दार उघडून दिल्याने. सूचनायंत्रणा शत्रूसाठी होती. स्वकीयाच्या हातातील किल्ली हा धोका तिच्या गणतीतच नव्हता. संगणकाच्या जगातही हल्ली बव्हंशी असेच घडते. कुलूप फोडण्याऐवजी खरा परवलीचा शब्द चोरून आत येणे अधिक सोपे असते.

आता प्रकार पाहू. जुने अँटिव्हायरस हे ठाण्यातील नामचीन गुन्हेगारांच्या छायाचित्रांसारखे आहे. चेहरा यादीत असेल तर पकडणार, नसेल तर वाट मोकळी. आजच्या अँटिव्हायरसमध्ये वर्तन पाहण्याची थोडी सोय असते, हे मान्य. पण त्याची मूळ प्रकृती यादीचीच.

ईडीआर या प्रकारातील सॉफ्टवेअर चेहऱ्याऐवजी चालचलणूक पाहते. पत्रासोबत आलेला दस्तऐवज उघडताच त्यातून आज्ञावली चालू झाली, तिने परवलीचे शब्द साठविलेल्या जागेत डोकावले, मग एका परदेशी पत्त्याशी बोलणे सुरू केले. यातील प्रत्येक पाऊल एकेकटे निरुपद्रवी दिसू शकते, पण ओळीने पाहिले तर हेतू उघड होतो. गावचा जागल्या धुळीतील पावलांवरून माग काढी, तसेच हे. शिवाय तो संगणक तत्क्षणी जाळ्यापासून तोडून टाकण्याची सोय यात असते. महेश बँकेत असा पहारा असता, तर नोव्हेंबरमध्येच गलका होण्याची शक्यता पुष्कळ होती.

परंतु ईडीआरने सर्व भागत नाही, आणि विक्रेते हे सांगत नाहीत. सर्वाधिकार असलेला वापरकर्ता बँकेच्या मूळ प्रणालीत शिरून रीतसर व्यवहार करू लागला, की कर्मचाऱ्याच्या संगणकावर संशयास्पद असे काहीच घडत नाही. त्यासाठी सर्व यंत्रांच्या नोंदवह्या एकत्र करून ताडून पाहणारी, सीम या नावाची प्रणाली लागते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण याचे बोलके उदाहरण होय. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एटीएमच्या मागण्या बँकेच्या मूळ प्रणालीकडे जाऊच न देता, मधल्या एका बनावट यंत्रणेने त्या परस्पर मंजूर केल्या. पैसे २८ देशांतून काढले गेले. एका वहीत मंजुरी आहे आणि दुसऱ्या वहीत मागणीच नाही, ही विसंगती दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

एक्सडीआर म्हणजे या सर्वांची सांगड : टपाल, ओळखपत्रे, जाळे आणि संगणक यांचा माग एकाच सूत्रात. हा शब्द मात्र सैल वापरला जातो. कोणी केवळ दोन वस्तू जोडूनही तो लावतो.

नावे घेऊन बोलायचे तर, ज्यांचे दप्तर आधीच मायक्रोसॉफ्टवर चालते आणि माणसे तीनशेच्या आत आहेत, त्यांना त्याच कंपनीचे डिफेंडर फॉर बिझनेस सोयीचे. क्राउडस्ट्राइकचे फाल्कन दूरच्या केंद्रावरील विश्लेषणासाठी नावाजलेले आहे. सेंटिनेलवनचा भर इंटरनेट तुटले तरी संगणकावरच निर्णय घेण्यावर आहे. पुण्याच्या क्विक हीलची व्यवसायांसाठीची सेक्राइट ही शाखा आपल्याकडील छोट्या संस्थांना परिचित आहे. वाझुह फुकट मिळते, पण ते चालविणारा जाणकार फुकट मिळत नाही; तो नसेल तर फुकटची वस्तूच सर्वांत महाग. मायटर या अमेरिकी संस्थेच्या चाचण्यांचा दाखला प्रत्येक जण देतो. ही संस्था क्रमांक लावीतच नाही. तरीही दर वर्षी अनेक कंपन्या स्वतःला पहिल्या म्हणवितात, हा विनोद लक्षात ठेवावा.

माझ्या मते तुलनेचा पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा नसून माणसाचा आहे. शनिवारी रात्री दोन वाजता इशारा आला, तर तो पाहणार कोण? कॉसमॉसमधील एटीएमची लूटही शनिवारीच झाली. ज्या संस्थेत संगणक सांभाळणारा एकच मनुष्य आहे, तिने महागड्या प्रणालीपेक्षा एमडीआर, म्हणजे भाड्याने मिळणारा चोवीस तासांचा पहारा, आधी विचारात घ्यावा. दुसरा प्रश्न खोट्या हाकाटीचा. दिवसाला दोनशे वेळा ‘लांडगा आला रे आला’ ओरडणारी प्रणाली पंधरवड्यात दुर्लक्षिली जाते. म्हणून आपल्याच दहा संगणकांवर महिनाभर चालवून इशारे मोजावेत. माहितीपत्रकावर विसंबू नये.

पहारेकऱ्याला किती अधिकार द्यावा, हेही ठरवावे लागते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष सुधारणेमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या शमशाबादच्या विमानतळावर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. चोर कोणीच नव्हता. पहारेकरीच अडखळला होता. यास्तव कर्मचाऱ्यांची यंत्रे आपोआप तोडण्याची मुभा खुशाल द्यावी, मुख्य सर्व्हरबाबत मात्र माणसाची संमती राखून ठेवावी.

कायद्याचे म्हणाल तर, रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने नागरी बँकांना चार पायऱ्यांची चौकट घालून दिली आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आणि नोंदी १८० दिवस जपणे आवश्यक आहे. या दुसऱ्या आकड्याकडे खरेदीच्या वेळी विशेष पाहावे. स्वस्त योजनांत नोंदी अनेकदा महिनाभरच राहतात; आणि महेश बँकेतील चोरी उघड झाली तेव्हा ते पहिले पत्र उघडल्याला दोन महिने उलटून गेले होते.